ज्युनियर प्रोफेसर की हॅबिलिटेशन: जर्मनीत कायदा, राजकारण आणि वक्तृत्वशास्त्राच्या अभ्यासकापुढील निवड

कायदा, राजकारण आणि वक्तृत्वशास्त्र या तिन्हींच्या सीमेवर संशोधन करणाऱ्याला जर्मनीत पीएच.डी.नंतर प्राध्यापकपदाकडे नेणारे मुख्य मार्ग दोन आहेत: ज्युनियर प्रोफेसरचे मुदतीचे पद आणि हॅबिलिटेशन, म्हणजे पीएच.डी.नंतर मिळवायची अध्यापनाच्या अधिकाराची आणखी एक पात्रता. ते शेजारीशेजारी का चालतात हे आधी समजून घेणे आवश्यक आहे. ज्युनियर प्रोफेसरचे पद २००२ मध्ये केंद्राच्या कायद्याने आले, तेव्हा हॅबिलिटेशन मागे पडावे असा हेतू होता. परंतु केंद्राने राज्यांच्या अधिकारात हस्तक्षेप केल्याचे सांगून संघराज्य घटना न्यायालयाने जुलै २००४ मध्ये तो कायदा रद्द केला. वर्षअखेरीस नव्या कायद्याने हे पद वाचले, पण हॅबिलिटेशनही टिकले.

ज्युनियर प्रोफेसर पहिल्या दिवसापासून स्वतंत्र असतो. संशोधनाचे विषय तो स्वतः ठरवतो, पीएच.डी.चे विद्यार्थी घेतो आणि त्याचा अध्यापनाचा भार पूर्ण प्राध्यापकापेक्षा कमी असतो. नेमणूक साधारणपणे तीन अधिक तीन अशी सहा वर्षांची असून मध्यंतरी मूल्यमापन होते. पदाला टेन्युअर ट्रॅक, म्हणजे मूल्यमापन यशस्वी झाल्यास कायमस्वरूपी प्राध्यापकपद मिळण्याची वाट, नसेल, तर उत्तम मूल्यमापनानंतरही सहा वर्षांनी नव्याने अर्ज करत फिरावे लागते, आणि हा धोका मला सर्वांत गंभीर वाटतो. केंद्र आणि राज्यांच्या संयुक्त कार्यक्रमातून अशा १००० टेन्युअर ट्रॅक पदांसाठी एक अब्ज युरोपर्यंतची तरतूद झाली, ती याच अनिश्चिततेवर उपाय म्हणून.

हॅबिलिटेशनमध्ये उमेदवार एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखाली नोकरी करत दुसरा मोठा प्रबंध, किंवा त्याच्या तोडीचे प्रकाशित संशोधन, सिद्ध करतो. स्वातंत्र्य कमी, आणि मार्गदर्शकाच्या मर्जीवर बरेच अवलंबून. पदवी मिळाली तरी पगारी पद मिळतेच असे नाही. प्रिव्हाटडोत्सेंट, म्हणजे पगारी पदाविना शिकवण्याचा अधिकार असलेला अध्यापक, म्हणून मान राहतो, पण तेवढ्यावर घर चालत नाही.

तरीही विधी विद्याशाखेत मी हॅबिलिटेशनला कमी लेखणार नाही. तिथे उमेदवाराला घटनात्मक कायदा, प्रशासकीय कायदा, विधितत्त्वज्ञान अशा नेमक्या विषयांत अध्यापनाचा अधिकार मिळतो आणि निवड समित्या आजही तो बारकाईने पाहतात. ज्याचे काम तीन विषयांत विखुरलेले आहे, त्याला असा ठोस अधिकार विशेष उपयोगी पडतो, कारण ‘हा नक्की कोणत्या विषयाचा?’ हा प्रश्न त्याच्या प्रत्येक मुलाखतीत उभा राहतो. केवळ वक्तृत्वशास्त्राच्या भरवशावर राहता येत नाही: ट्युबिंगेन विद्यापीठात १९६३ मध्ये वाल्टर येन्स यांच्यासाठी त्या विषयाचे अध्यासन निर्माण झाले, पण इतरत्र अशी अध्यासने दुर्मीळ आहेत.

पुण्या-मुंबईतून एलएल.बी. करून जर्मनीत पीएच.डी. केलेल्यांचे गणित वेगळे आहे. जर्मन विधी विद्याशाखा उमेदवाराकडून सामान्यतः राज्यपरीक्षेतील (कायद्याच्या शिक्षणाअंती राज्याकडून घेतल्या जाणाऱ्या परीक्षेतील) उत्तम गुणांची अपेक्षा करतात आणि भारतीय पदवी त्या परीक्षेची जागा घेत नाही. त्यांनी राज्यशास्त्र विभागातील, राजकीय भाषण आणि घटनात्मक वादांवर भर देणारी ज्युनियर प्रोफेसरची जागा शोधावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र जाहिरातीत टेन्युअरचे आश्वासन विनाअट आहे की सहा वर्षांनी पद उपलब्ध असल्यासच ते लागू होते, आणि मूल्यमापनाचे निकष नेमणुकीच्या वेळीच लेखी मिळणार आहेत का, हे दोन्ही प्रश्न करारावर सही करण्यापूर्वी विचारून घ्यावेत.