फाशी, अवयवदान की वेगमर्यादा: भाषणाला कोणता विषय घ्यावा?

सात मिनिटांचं भाषण म्हणजे जेमतेम आठ-नऊशे शब्द. तेवढ्यात समोरच्याचं मत हलवायचं असेल, तर विषय किती भारदस्त आहे यापेक्षा त्यातून नेमकं मागता काय येतं, हे आधी बघावं.

फाशीची शिक्षा रद्द करावी का, हे सगळ्यांनाच पहिल्यांदा सुचतं. साहित्य भरपूर, दोन्ही बाजूंचे मुद्दे तयार. पंचाईत अशी की श्रोत्यांचं मतही तयारच असतं. आणि समजा पटलं, तरी त्यांनी उद्या उठून करायचं काय? वादविवादाला ठीक, भाषणाला मी सुचवणार नाही.

अवयवदानाचं नेमकं उलट. विरोध कुणीच करत नाही. माना डोलतात, टाळ्या पडतात, माणसं होती तिथेच राहतात. घ्यायचाच तर विषय बारीक करून घ्या. स्पेनमध्ये 1979 च्या कायद्याने, नकार नोंदवलेला नसेल तर संमती गृहीत धरली जाते. पण तिथलं अवयवदान वाढलं ते 1989 मध्ये राष्ट्रीय प्रत्यारोपण संस्था उभी राहून रुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक आल्यावर. नातेवाइकांना तिथे आजही विचारतात. म्हणजे ‘अवयवदान करा’ऐवजी ‘समन्वयक नेमा’ म्हणता येतं, आणि त्यावर वादही होऊ शकतो.

तिसरा विषय शाळेभोवती ताशी 30 किलोमीटरची मर्यादा. ऐकायला रूक्ष, पण माझं मत यालाच. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला साधारण चौपट अंतर लागतं. फळ्यावर एक वीतभर आणि एक चार विती रेघ ओढा, काम झालं. विरोधही खराखुरा आहे: 2023 मध्ये वेल्सने वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी 20 मैलांची मर्यादा आणली, तेव्हा विरोधातल्या अर्जावर चार लाखांहून जास्त सह्या झाल्या. ‘वेळ जातो’ म्हणणाऱ्याला हिशेब करून दाखवा: अर्धा किलोमीटर 50 ऐवजी 30 ने गेलं तर 24 सेकंद जास्त लागतात. शिवाय मागणी एका वाक्यात बसते आणि ती कुणाकडे करायची तेही ठरलेलं असतं.

घरात कुणाचं प्रत्यारोपण झालं असेल, तर मात्र बेलाशक अवयवदान घ्या. फक्त अनुभव सांगून खाली बसू नका, समन्वयकांची मागणी करूनच बसा.