पेटीत माशा भरपूर, राणी मात्र नाही

मधमाशीपालन शिकायला निघालेल्या माणसाला सगळ्यात सहज फसवता येतं ते वसाहत, म्हणजे राणीसकट माशांचं अख्खं कुटुंब, विकताना. पेटी, स्मोकर, जाळी यांत फार तर चार पैसे जास्त जातात. वसाहतीतली फसवणूक कळायलाच महिना लागतो, आणि तोवर विकणारा 'तुम्हाला सांभाळता आली नाही' म्हणून मोकळा होतो.

सौदा साधारण असा असतो: मेलिफेराच्या (युरोपीय मधमाशीच्या) दहा पेट्या, प्रत्येकीत आठ फ्रेम (पोळं बांधलेल्या लाकडी चौकटी) माशा, दोन दिवसांचं प्रशिक्षण, शिवाय मध आम्हीच परत घेऊ असा करार. पेट्या रात्री येतात, दारं बंद करून. ते बरोबरच आहे, कारण दिवसा हलवल्या तर चरायला गेलेल्या माशा मागे राहतात. पण त्याच आडोशाने सांगितलं जातं, "प्रवासाने चवताळल्यात, पंधरा दिवस उघडू नका." पंधरा दिवसांनी उघडावं तर फ्रेम माशांनी झाकलेल्या, आणि नवखा खूश.

पण राणी, म्हणजे वसाहतीत अंडी घालणारी माशी, मुळातच दिलेली नसते. कामकरी माशी अंड्यापासून २१ दिवसांत तयार होते: ३ दिवस अंडं, साधारण ६ दिवस अळी, १२ दिवस पोळ्यातल्या मेणाने बंद केलेल्या घरात. विकणाऱ्याने फक्त बंद पिलाव्याच्या (घरांत वाढणाऱ्या पिल्लांच्या) फ्रेम घातल्या, तर पुढचे १२ दिवस रोज नव्या माशा बाहेर पडतात आणि वसाहत वाढल्यासारखी वाटते. नवी राणी घडवायला तीन दिवसांच्या आतली अळी लागते, ती तिथे नसते. मग काही आठवड्यांनी कामकरी माशाच अंडी घालू लागतात. एकेका घरात दोन-तीन अंडी, तीही भिंतीला चिकटलेली, कारण त्यांचं पोट तळापर्यंत पोचत नाही. त्यातून फक्त नर निपजतात आणि कामकरीच्या घरांवर फुगीर झाकणं दिसतात. या टप्प्यावर विकतची राणी दिली तरी माशा तिला बहुतेक वेळा मारतात. रिकाम्या पोळ्यांत मेणकिडा (पोळं खाणारी पतंगाची अळी) शिरतो, आणि विकणारा त्याच्याकडे बोट दाखवतो. खरं तर मेणकिडा शेवटी येतो. वसाहत आधीच मेलेली असते.

म्हणून माशा मोजू नका, अंडी बघा. विकणाऱ्याच्या जागेवर दिवसा जा. मधली फ्रेम उचला, ऊन खांद्यावरून घरांत पडू द्या. तळाशी मधोमध एकच अंडं हवं. उभं असेल तर ताजं, आडवं झालं असेल तर तिसऱ्या दिवसाचं. राणी डोळ्यांनी दिसलीच पाहिजे असं नाही. माशा फ्रेमच्या दोन्ही बाजूंना हव्यात, आणि निम्म्या तरी फ्रेमवर पिलावा हवा. नुसती जड फ्रेम फसवी असते, कारण सौद्याआधी साखरेचा पाक पाजून पोळी भरता येतात. पसंत पडलेल्या पेट्यांवर आणि फ्रेमच्या वरच्या पट्ट्यांवर मार्करने खूण करा, फोटो काढा, रात्री त्याच पेट्या उचला.

एवढ्यावर थांबू नका. रात्रीत राणी काढून घेतली तरी आधीची अंडी तीन दिवस दिसत राहतात. खरी तपासणी पाचव्या दिवशीची. तेव्हा अंडी असतील तर राणी तुमच्याकडे आली आहे. अंडी नाहीत आणि घाईने बांधलेली राणीघरं (नवी राणी वाढवायची लांबट घरं) लोंबताहेत, तर राणी आलेली नाही. प्रवासाने राणी कधी एक-दोन दिवस थांबते, त्यामुळे शंका असल्यास सातव्या दिवशी पुन्हा उघडा. निम्मे पैसे या तपासणीनंतरच द्यायचे, हे आधी लिहून घ्या.

मध परत घेण्याच्या करारात एक ओळ हमखास असते: ओलावा २० टक्क्यांच्या आत. अट चुकीची नाही. पण प्रशिक्षणात आठ-आठ दिवसांनी मध काढायला शिकवतात, आणि न झाकलेला मध ओला असतोच. मग माल परत येतो. पोळ्याचा तीन चतुर्थांश भाग मेणाने झाकला गेल्याशिवाय मधयंत्र (पोळ्यातून मध काढायचं यंत्र) लावू नका. ओलावा तुमच्यासमोर रिफ्रॅक्टोमीटरवर मोजला जाईल, हेही करारात घाला.

'सरकारी अनुदान आम्ही मिळवून देतो' म्हणून कोणी आगाऊ पैसे मागितले, तर आधी महाबळेश्वरच्या मधसंचालनालयात स्वतः विचारा. खादी व ग्रामोद्योग मंडळाची मध केंद्र योजना तिथूनच चालते आणि प्रशिक्षणही तिथे मिळतं.