शिकागोच्या रेडिओवरचा डिलन : काही महिन्यांच्या श्रवणानंतर

एप्रिल १९६३मध्ये शिकागोच्या डब्ल्यूएफएमटी केंद्रावर निवेदक-मुलाखतकार स्टड्स टर्केल यांनी अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलनची मुलाखत घेतली आणि बोलता बोलता त्याच्याकडून गिटारवर गाणीही म्हणवून घेतली. हे ध्वनिमुद्रण गेले काही महिने मी नियमितपणे ऐकत आहे आणि डिलनचे अल्बम हाताशी असतानाही मन याच्याकडेच वळते.

डिलन तेव्हा २१ वर्षांचा होता. त्याचे नाव सर्वदूर नेणारा दुसरा अल्बम बाजारात यायला महिनाभर अवकाश होता आणि त्याचे ‘ब्लोइन इन द विंड’ हे गाणे पीटर, पॉल अँड मेरी या त्रिकुटाच्या आवाजात गाजायचे होते. त्यामुळे या गाण्यांवर इथे कीर्तीचा कसलाही भार नाही. टाळ्या नाहीत, झीलकरी नाहीत, समोर बसला आहे तो एकच जाणता श्रोता. पोवाड्यातल्या ‘जी जी’वर वाढलेल्या माझ्या कानाला ही शांतता प्रथम उणी वाटली; आता तीच हवीशी वाटते.

‘अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल’ हे गाणे या मुद्रणाचा गाभा होय. टर्केल त्यातल्या पावसाला अणुपाऊस समजतात, तेव्हा डिलन ते साफ नाकारतो आणि पाण्यात मिसळणाऱ्या विषाच्या गोळ्या म्हणजे रेडिओ व वृत्तपत्रांतून लोकांना सांगितले जाणारे खोटे, असा खुलासा करतो. हे तो रेडिओवरच बसून सांगतो, याची गंमत मला बऱ्याच श्रवणांनंतर जाणवली. या गाण्याचा उगम क्यूबाच्या क्षेपणास्त्र-संकटात असल्याचे आजही सर्रास लिहिले जाते. वस्तुतः ते संकट ऑक्टोबर १९६२मध्ये जाहीर होण्याच्या महिनाभर आधीच डिलनने हे गाणे न्यूयॉर्कमध्ये गायले होते.

मुष्टियोद्धा डेव्ही मूर २१ मार्चच्या लढतीत जबर जखमी होऊन २५ मार्चला मरण पावला, आणि त्याच्यावरचे गाणे एप्रिलमध्येच या कार्यक्रमात ऐकू येते. पंच, प्रेक्षक, व्यवस्थापक, जुगारी, पत्रकार असे सगळे एकामागून एक हात झटकतात. सभागृहात हे ऐकणारा गर्दीत लपू शकतो, घरी एकट्याने ऐकणाऱ्याला मात्र प्रेक्षकांचे कडवे थेट लागते. ‘जॉन ब्राउन’ हे युद्धविरोधी गाणे परिणामकारक असले तरी मला काहीसे ढोबळ वाटते.

उणिवाही आहेत. डिलन शब्द गिळत बोलतो, स्वतःविषयीच्या प्रश्नांना बगल देतो, त्यामुळे हेडफोनशिवाय आणि पहिल्या खेपेस शब्द समोर ठेवल्याशिवाय आपल्याकडच्या श्रोत्याला बरेच निसटेल. तरीही संभाषण वगळून केवळ गाणी ऐकू नयेत, कारण टर्केल यांच्या कुतूहलामुळेच गायक थोडा मोकळा होतो. ‘बूट्स ऑफ स्पॅनिश लेदर’ हे विरहगीत इथे ऐकल्यापासून त्याचे अल्बममधले रूप मला जरा सराईत वाटू लागले आहे, एवढा तोटा मात्र झाला.