नगरपरिषद: दाखल्याला चार तारे, ठेक्याला दीड

माझं झेरॉक्सचं आणि अर्ज लिहून देण्याचं दुकान नगरपरिषदेच्या फाटकासमोर आहे. आत जाणारा माणूस आधी माझ्याकडे थांबतो आणि बाहेर येणारा पुन्हा थांबतो, कारण आत एक प्रत कमी पडलेली असते. त्यामुळे कुठल्या टेबलावर काम होतं आणि कुठे लोक नुसते जोडे झिजवतात, हे मला बसल्या जागी कळतं. आमची नगरपरिषद क वर्गातली, म्हणजे लोकसंख्या 25 ते 40 हजारांच्या मधली. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. समोरच धंदा करायचा आहे.

जन्म-मृत्यू विभागाला मी बिनधास्त चार तारे देईन. इथे माणसं चांगली आहेतच, पण खरं कारण भिंतीवरचा फलक आहे. 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमामुळे प्रत्येक दाखल्याला मुदत आहे, तो कोणी द्यायचा ते ठरलेलं आहे आणि मुदत टळली तर अपील कोणाकडे, तेही लिहिलेलं आहे. सबळ कारण नसताना उशीर केला तर त्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये शास्ती होऊ शकते. प्रत्यक्षात ती झालेली मी पाहिली नाही, पण नुसत्या तरतुदीनेच कागद हलतो. एक तारा कापला तो नावातल्या दुरुस्तीसाठी. आईचं नाव माहेरचं की सासरचं, यावरून माणसाला इतक्या फेऱ्या मारायला लावतात की शेवटी तो माझ्यावरच चिडतो.

कर विभाग मार्चमध्ये सुट्टीच्या दिवशीही उघडा असतो. पैसे घेण्यात कसलीच दिरंगाई नाही. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती लागते हे आपल्याला माहीत असतं, त्यामुळे रांग आपणच लावतो. घर नावावर करून घ्यायला जा, तोच विभाग एकदम विचारी होतो. तीन तारे.

आता ठेके. घंटागाडी, दिवाबत्ती, गटारसफाई, टाकीवरचा व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस, इतकंच काय, आत संगणकावर बसलेला मुलगासुद्धा ठेकेदाराचा. ठेका देण्यात वाईट काही नाही. नगरपरिषदेकडे तेवढी माणसंच नाहीत. एकच अभियंता रस्ते पाहतो, बांधकाम परवानग्या पाहतो, घरकुलांचे फोटो काढतो आणि निवडणूक लागली की तिकडे जातो. त्याच्यावर मी राग काढणार नाही. राग येतो तो एका वाक्याचा: “ठेकेदाराला सांगितलंय.” हे वाक्य आलं की तक्रार संपली समजायची. ठेकेदार आपलं ऐकायला बांधलेला नाही, कारण त्याचा करार आपल्याशी नाही. ज्यांच्याशी आहे त्यांनी सांगून टाकलेलं असतं.

आमच्या गल्लीतल्या सिमेंट रस्त्याचं सांगते. काँक्रीट ओतून झाल्यावर ते दिवसचे दिवस ओलं ठेवावं लागतं, नाहीतर वरचा थर कच्चा राहतो. इथे पहिल्या सकाळी गोणपाट अंथरली, एकदा पाइपने पाणी मारलं आणि माणसं निघून गेली. दुपारपर्यंत गोणपाट वाळून खडखडीत झाली होती आणि गल्लीतलं पांढरं कुत्रं त्यावर आरामात झोपलं होतं. पहिला पावसाळा सरला आणि वरची सिमेंट गेली. चालताना चपलेखाली खडी करकरायला लागली.

शेजारच्या काकांनी रीतसर अर्ज दिला: “रस्ता खराब झाला आहे, दुरुस्ती व्हावी.” उत्तर आलं: “निधी उपलब्ध झाल्यावर कार्यवाही करण्यात येईल.” काका म्हणाले, “झालं, आता पुढची निवडणूक.” मी म्हटलं, “काका, आपण फाइल बघून येऊ.”

माहितीचा अधिकार म्हणजे नुसत्या प्रती मागणं असं लोकांना वाटतं. 2005 च्या त्या कायद्यात कागदपत्रांची आणि कामाची पाहणी करण्याचा, साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. आम्ही फक्त पाहणी मागितली. टेबलावर जाडजूड नस्ती आली: अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, निविदेचे दर, करारनामा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका. ठेकेदाराने अंदाजपत्रकापेक्षा बऱ्याच कमी दराने काम घेतलं होतं. सर्वात कमी दराला काम देणं नियमातच बसतं, पण त्याने सोडलेले पैसे कुठून तरी वसूल होणारच, आणि पाणी मारायला माणूस न ठेवणं हा त्यातला सर्वात सोपा मार्ग. मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी, जाडी सगळं चोख लिहिलेलं. पाणी किती मारलं याला तिथे रकाना नाही.

करारनाम्यात आम्हाला हवं ते सापडलं: दोषदायित्व कालावधी. काम पूर्ण झाल्यापासून ठरलेल्या मुदतीत दोष निघाला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं, नाही केलं तर त्याच्या सुरक्षा अनामतीतून करून घ्यायचं. मुदत अजून संपलेली नव्हती. म्हणजे निधीचा प्रश्नच नव्हता, आणि उत्तर मात्र निधीचं आलं होतं!

दुसरा अर्ज मी लिहिला. त्यात रस्त्याचं वर्णन एका ओळीचं. बाकी कार्यादेशाचा क्रमांक, काम पूर्ण झाल्याची तारीख, दोषदायित्व संपण्याची तारीख, आणि विनंती एवढीच की दुरुस्ती झाल्याशिवाय अनामत परत करू नये. प्रत लेखा विभागाला, एक जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नगरपालिका शाखेला. आवक टेबलावरच्या बाई म्हणाल्या, “अहो ताई, एका गल्लीसाठी इतक्या प्रती?” तरी त्यांनी प्रत्येकीवर शिक्का मारला आणि आवक क्रमांक टाकून दिला. पुढे अभियंता टेप घेऊन आला, मग ठेकेदाराचा मिक्सर आला. काम ठिगळासारखंच झालंय, पण झालंय, आणि नगरपरिषदेचा रुपया लागलेला नाही.

म्हणून दुकानात येणाऱ्याला मी सांगते, खड्ड्याची तक्रार करू नका, बिलाची करा. ठेकेदाराला नगरसेवकाच्या फोनची भीती नाही. लेखा विभागात बिल अडकण्याची आहे.

सभागृहाला दोन तारे. तेही प्रेक्षकांच्या बाकावर बसू देतात म्हणून. विषयपत्रिकेवरचे विषय वाचून होतात, सूचक-अनुमोदक ठरलेले असतात आणि “सर्वानुमते मंजूर” हे शब्द हात वर होण्याआधीच लिहिले गेलेत की काय असं वाटतं. पाणी कमी दाबाने येतं यावर तासभर आरडाओरडा होतो, तो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. शेवटी उरतात ऐनवेळचे विषय. लोक उठून गेलेले असतात, नाश्ता आलेला असतो आणि तेव्हाच जुन्या ठेक्याला मुदतवाढ मिळते. नवी निविदा वेळेत काढली नाही, मग सेवा बंद पडू नये म्हणून जुनाच ठेकेदार, जुन्याच अटी. निविदा वेळेत का काढली नाही, हे विचारणारा नगरसेवक मला अजून भेटायचाय.

प्रशासक होता तेव्हा हे सगळं बंद खोलीत व्हायचं. काहीजण म्हणतात तेव्हा कामं पटापट होत होती. होत असतीलही, पण कुठलं काम का झालं हे विचारायला रस्त्यात थांबवावं असं कोणी नव्हतं. सभा कंटाळवाणी असली तरी मला तीच बरी वाटते. बेकायदा ठराव झाला तर 1965 च्या नगरपरिषद अधिनियमातल्या कलम 308 खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात, पण त्यासाठी आधी ठराव झालेला कोणाला तरी कळायला हवा.

जाणार असाल तर अर्ज दोन प्रतींत न्या आणि दुसरीवर शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. “ठेवून जा, बघतो” म्हणाले तर तिथेच उभे राहा. जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर जाऊ नका. तक्रार एकाच कामाची लिहा. चार विषय एका अर्जात घातले की तो चार टेबलांवर फिरतो आणि एकाही टेबलावर थांबत नाही. वरच्या कोणाला सांगायची वेळ आली तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिथे ही शिक्क्याची प्रतच कामाला येते.

पाणीपुरवठ्याला मी तारे देत नाही, त्याच्यावर वेगळं लिहावं लागेल. ठेक्यांना दीड: एक तारा करारनाम्यांना, कारण ते कागदावर खरंच चांगले लिहिलेले असतात, आणि अर्धा त्या मिक्सरला. घंटागाडीचा ठेका आता संपत आलाय. न आलेल्या फेरीला दंड आहे असं करारात आहे, म्हणून शेवटचं बिल काढण्याआधी फेऱ्यांची नोंदवही दाखवा असा अर्ज गल्लीतल्या बायकांनी सह्या करून दिलाय. उत्तर अजून यायचंय.