बेडसोरवर घरी येऊन करंट: म्हापसा-पर्वरी भागातली एक सेवा

फिजिओथेरपिस्ट मशीन घेऊन घरी येतो आणि बेडसोर, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दाबामुळे होणारी जखम, भरून यावी म्हणून तिला करंट देतो, अशी ही सेवा. नाव देत नाही, कारण यातल्या उणिवा तिच्या एकटीच्या नाहीत.

मशीन मात्र योग्य आहे: हाय व्होल्टेज पल्स्ड करंट, एकाच दिशेचा. कंबरदुखीचं टेन्स मशीन आणून 'हाही करंटच' म्हणणारे कमी नाहीत. टेन्सचा प्रवाह सहसा दोन्ही दिशांना आलटून-पालटून वाहतो, जखमेवर ठरावीक ध्रुव (धन किंवा ऋण) राहत नाही. इथे सेकंदाला 100 च्या आसपास पल्स, व्होल्टेज 50 ते 150. कण्याला मार लागलेल्या रुग्णाला करंटच्या मुंग्या कळत नाहीत, म्हणून स्नायू जेमतेम फडफडेपर्यंत वाढवून किंचित खाली आणतात. हे न सांगता केलं; पूर्ण मार्क.

खरी गडबड गॉजमध्ये होते. जखम सलाईनने धुऊन मलम, सिल्व्हर (चांदी असलेलं औषध), पोव्हिडोन आयोडीन पार काढायचं. मग सलाईनमध्ये भिजवून पिळलेला गॉज तळापर्यंत सैलसर भरायचा, त्यावर इलेक्ट्रोड (करंट पोहोचवणारी पट्टी). दुसरा, आकाराने मोठा, 15-20 सेंमी दूर चांगल्या कातडीवर. गॉज ठिबकत असेल तर करंट जखमेला वगळून कडेच्या ओल्या कातडीवरून निघून जातो. सुकला तर एका टिंबावर एकवटतो, चटका बसतो. इथे डोक्यावर पंखा पाचावर आणि अर्ध्या तासात गॉजच्या कडा कडक! मोठ्या इलेक्ट्रोडचा एक कोपराही सुटलेला होता.

पॅकेज दहा सिटिंगचं, आठवड्याला दोन. अभ्यासांतला नेहमीचा डोस 45 ते 60 मिनिटं, आठवड्यातून 5 दिवस, तोही कित्येक आठवडे. अर्ध्याहून कमी डोसचे पूर्ण पैसे कशाला द्यायचे?

पेसमेकर आहे का, हे कोणी विचारलं नाही. हे अक्षम्य. जखमेत कॅन्सर किंवा हाडाचा संसर्ग असेल तर करंट नकोच. जखमेत हाड लागत असेल तर आधी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) दाखवा. काळी खपलीही आधी डॉक्टरकडून काढून घ्यायला हवी, अपवाद टाचेवरच्या कोरड्या, घट्ट खपलीचा.

महिनाभर नीट ड्रेसिंग, वेळेवर कूस बदलणं आणि एअर मॅट्रेस करूनही जखम आकसत नसेल तरच यांना बोलवा. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याचीही 30 दिवसांची अशीच अट आहे. पावसाळ्यात रबर शीटवर घामात पडलेल्या माणसाला तासभर करंट देऊन काय होणार?

बुकिंग करताना आठवड्याला 5 सिटिंग मागा आणि दर आठवड्याला लांबी, रुंदी, खोली लिहून घ्या. या सेवेकडे मापाची वहीच नव्हती.