क्वार्ट्झसाइटला लिथियम-सोलर बसवून घेताय? आमचे 4,150 डॉलर गेले, तुम्ही सावध राहा

आधीच सांगते, हे लिहायला लाज वाटतेय. ह्यांचं म्हणणं होतं की कशाला चारचौघांत सांगायचं, गेले ते गेले. पण आपल्यातले कितीतरी जण रिटायर झाल्यावर आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेऊन थंडीत ॲरिझोनाला जायला लागलेत, मला मेसेज येतात काकू तिथे कसं असतं, पाणी कुठे भरायचं, मग त्यांना मी काय नुसते सूर्यास्ताचे फोटो पाठवत बसू? 4,150 डॉलर गेलेत आमचे. आणि फोनवरच्या कुणा भामट्याने ओटीपी विचारून नाही नेले, आमच्या दारात खुर्ची टाकून आमच्या हातचा चहा प्यायलेल्या माणसाने नेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आय-10 आणि यूएस-95 हे महामार्ग जिथे एकमेकांना छेदतात तिथे क्वार्ट्झसाइट आहे, कॅलिफोर्नियाच्या सीमेपासून जवळच. गावाची वस्ती अडीच हजारसुद्धा नाही, पण थंडीत आजूबाजूचं सगळं वाळवंट आरव्ह्यांनी भरून जातं. जमीन सरकारी, बीएलएमची (केंद्र सरकारचं जमीन खातं). डोम रॉक, प्लोमोसा रोड, स्कॅडन वॉश अशा ठिकाणी 28 दिवसांत 14 दिवस फुकट राहता येतं, आणि सबंध सीझन राहायचं असेल तर ला पोसाला लाँग टर्म एरिया आहे, 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल, आम्ही परवाना घेतला तेव्हा 180 डॉलर होते. पाणी, कचरा, डंप स्टेशनची (गाडीतली सांडपाण्याची टाकी रिकामी करायची जागा) सोय आहे, पण वीज नाही. हुकअप, म्हणजे गाडीला थेट जोडणी, वगैरे काही नाही. जे काय ते तुमच्या छतावरचं सोलर, तुमच्या बॅटऱ्या आणि जनरेटर, आणि जनरेटर रात्री 10 ते सकाळी 6 बंद. आम्ही ओरेगनच्या पावसाला कंटाळून जातो, आम्हाला ते कोरडं ऊन, ती शांतता मनापासून आवडते, आजही आवडते, जागेबद्दल माझी काडीची तक्रार नाही.

आता विजेचं म्हणाल तर ह्यांना रात्री सीपॅप मशीन लागतं, झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं. ती काही हौस नाही, डॉक्टरांनी दिलंय. जानेवारीत रात्री चांगलीच थंडी पडते, फर्नेस, म्हणजे गाडीतला हीटर, चालू-बंद होत राहतो, त्याचा पंखा बॅटरीवर, फ्रिज बॅटरीवर, सीपॅप बॅटरीवर. जुन्या लेड-ॲसिड बॅटऱ्या पहाटे मान टाकायच्या. म्हणजे लिथियम घ्यायचंच होतं, कुणी भुलवलं म्हणून घेतलं असं नाही, मी महिनोन्महिने वाचत होते, भाव बघत होते. हे मुद्दाम लिहितेय कारण आमच्या मुलानेच पहिलं वाक्य काय टाकलं तर "आई, जरा रिसर्च करायचा ना." केला होता रिसर्च!

शेजारी एक फिफ्थ व्हीलवाले (पिकअप ट्रकला जोडून ओढतात ती मोठी आरव्ही) गृहस्थ होते. रोज संध्याकाळी शेकोटीला बोलवायचे, ह्यांच्याशी गप्पा मारायचे, स्वतःचं छत दाखवलं, म्हणे माझं सगळं काम याच माणसाने केलंय, तीन सीझन झाले, एकदाही तक्रार नाही. मग तो "सोलरवाला" आला, पांढरी व्हॅन, स्वच्छ हत्यारं, बोलायला अत्यंत नम्र, मला मॅम मॅम करत होता. घाई अजिबात केली नाही हं, उलट म्हणाला शोमध्ये जाऊन भाव बघून या, मग ठरवा. जानेवारीचा तो मोठा आरव्ही शो लागलाच होता, आम्ही तंबूत फिरून आलो, सगळीकडे गर्दी, सगळीकडे महिन्याभराची वेटिंग लिस्ट, आणि हा म्हणतो परवा करून देतो. दहा माणसांत नऊ जणांनी तेच केलं असतं जे आम्ही केलं.

त्याने कागदावर लिहून दिलेला हिशेब अजून माझ्याकडे आहे. 100 अँपिअर-अवरच्या (बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप) चार बॅटऱ्या 425 ने 1,700, दोन पॅनल 360, कंट्रोलर 290, 2,000 वॅटचा इन्व्हर्टर 650, वायरिंग आणि मजुरी 1,350, एकूण 4,350. भाव फार स्वस्त नव्हता, म्हणूनच तर संशय आला नाही. फार स्वस्त असेल तर सावध राहा असं सगळे सांगतात, नीट बाजारभाव लावून फसवणाऱ्याबद्दल कुणी सांगत नाही! 2,000 ॲडव्हान्स बँकेच्या ॲपमधून, लगेच पोचतात तसे पाठवले. उरलेले 2,350, त्यात "रोख दिलेत तर 200 कमी", म्हणून 2,150 रोख. ॲपवरून किंवा रोख, दोन्हीपैकी काहीही मागितलं की तिथेच थांबा, कार्ड घेत नसेल तर काम देऊ नका, तीन टक्के जास्त मागितले तरी द्या.

आता तो क्षण, जो माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. बॅटऱ्या व्हॅनमधून काढल्या आणि पायरीजवळ ओळीने ठेवल्या. मला दाराशी झाडायचं होतं, तो छतावर होता, म्हणून मी एक उचलून बाजूला सरकवली. एका हाताने. मी, सांधे दुखणारी बाई, झाडू दुसऱ्या हातात तसाच. मी म्हटलंसुद्धा, "अहो, केवढीशी हलकी आहे ही!" आणि वरून त्याने ऐकलं असावं, भाषा कळली नाही तरी हावभाव कळले असतील, खाली येऊन हसून म्हणाला, लिथियम आहे मॅम, शिशाचं ओझं गेलं आता. आणि हे खरंच आहे, लिथियम लेड-ॲसिडच्या निम्म्याहून कमी वजनाची असते, मी स्वतः वाचलेलं होतं! अर्धं खरं बोलला म्हणून पटलं. पण निम्मी म्हणजे किती? 100 अँपिअर-अवरच्या चांगल्या लिथियम फॉस्फेट बॅटरीचं वजन साधारण 10 ते 14 किलो भरतं. आत चार मोठे सेल असतात, एकेक जवळजवळ 2 किलोचा, म्हणजे नुसते सेलच 8 किलोच्या आसपास. त्याखाली वजन जाऊच शकत नाही, कुठलाही ब्रँड असो. आणि आमच्या ड्रॉवरमध्ये तो हुकवाला काटा होता, भारतात जाताना बॅगा 23 किलोच्या आत बसतायत का बघायला सगळ्यांकडे असतो ना, तोच. पाच पावलांवर. काढून हँडलला अडकवायला किती वेळ लागला असता? नंतर अडकवला तेव्हा 4.9 किलो दाखवलं. तेव्हा पैसे आणि माणूस दोन्ही गेलेले होते.

काटा घेऊन जा. लाजू नका. समोर वजन करा, माणूस रागावला तर रागावू दे.

बसवल्यावर त्याने मल्टिमीटर लावून दाखवला, 13.3 व्होल्ट, बघा फुल. आम्ही खूश. व्होल्टेजवरून बॅटरीत किती साठतं ते कळत नाही, लिथियम फॉस्फेटमध्ये तर नाहीच, लहान बॅटरीपण तेवढेच व्होल्ट दाखवते. ब्लूटूथ ॲपचं विचारलं तर म्हणाला या मॉडेलला पुढच्या अपडेटमध्ये येणार. वर असंही सांगून गेला की सुरुवातीला बीएमएस (बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट) "शिकत" असतो, त्यामुळे पहिले काही दिवस संध्याकाळी जनरेटर जरा जास्त चालवा. असं काही नसतं! तो फक्त स्वतःला पळायला वेळ काढत होता. आणि आमच्या जुन्या बॅटऱ्या, "मी नीट डिस्पोज करतो" म्हणून सोबत घेऊन गेला, त्याही विकल्या असतील. जुन्या बॅटऱ्या नवीन सिस्टिम तपासून होईपर्यंत देऊ नका कुणाला.

मग ढगाळ दिवस आले आणि रात्री तीनच्या सुमारास सीपॅप बंद पडलं. मला जाग आली ती ह्यांच्या घुसमटण्याने. अंधार, लाइट लागत नाही, फर्नेस बंद, आत गार पडलेलं, मी मोबाइलच्या उजेडात मास्क काढला. त्या माणसाला फोन लावला तर नंबर बंद. सकाळी शेजाऱ्यांकडे जावं तर तेही आदल्या दिवशी निघून गेलेले. कुणी म्हणेल योगायोग असेल. मी म्हणणार नाही. त्यांना यात काहीतरी मिळत होतं याची मला पुरेपूर खात्री आहे, तेव्हा शेकोटीवरच्या शिफारसीला फार किंमत देऊ नका, शिफारस करणाऱ्याला स्वतःची बॅटरी उघडून दाखवायला सांगा.

युमाला एका टेक्निशियनकडे गाडी नेली, तपासायचे 165 डॉलर. त्याने आधी आमचं केबिनेट उघडून एक शिवी घातली आणि मग माफी मागितली. 12 व्होल्टवर 2,000 वॅट म्हणजे पावणेदोनशे अँपिअर जातात, त्याला अंगठ्याएवढी जाड केबल लागते आणि बॅटरीपाशी क्लास-टी फ्यूज. आमच्याकडे करंगळीएवढी वायर, फ्यूज नाहीच, लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) नीट दाबलेले नाहीत, एकाचं इन्सुलेशन वितळून तपकिरी झालेलं. मी त्या इन्व्हर्टरवर मिक्सर चालवत होते, इंडक्शनवर कुकर लावायचा विचार करत होते! पैशांपेक्षा मला या गोष्टीचा जास्त संताप येतो. आपण झोपतो त्या पलंगाखाली होतं ते सगळं.

एक बॅटरी त्याने आमच्यासमोर कापली. आत सोळा लहान गोल सेल, चिकटपट्टीने बांधलेले, आणि बाकी जागेत गणपतीच्या मखराला असायचा तसला पांढरा थर्माकोल. दुसरी त्याने लोड लावून तपासली, 100 अँपिअर-अवर लिहिलेली बॅटरी 23 वर संपली. म्हणजे चार मिळून एकाच्याही बरोबरीची नाही. नवीन बॅटऱ्या आणि सगळं वायरिंग परत करायचे 2,236 डॉलर झाले. मिळून 6,551. घरी तपासायचं तर साधं आहे, फुल चार्ज करा, 100 वॅटचा काहीतरी लोड लावा, 100 अँपिअर-अवरची एक बॅटरी अकरा-बारा तास चाललीच पाहिजे. शेवटचे पैसे त्यानंतर द्या, आधी एक पैसा नाही.

आता तक्रारीचं ऐका. बँकेला फोन केला. फ्रॉड विभाग म्हणून जोडून दिलं, तासभर गाणी ऐकवली, मग बाई विचारते, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत का? हो. मग तो व्यवहार अधिकृत आहे, आम्ही काही करू शकत नाही. अहो, फसवलेल्या माणसाने स्वतःच पाठवलेले असतात ना पैसे, नाहीतर त्याला चोरी म्हणाले असते! तिने ज्या खात्यात गेले ते बंद झालंय का एवढंही सांगितलं नाही, प्रायव्हसी. म्हणजे चोराची प्रायव्हसी, आणि माझं नाव-पत्ता-जन्मतारीख तीन वेळा विचारून झाली. क्रेडिट कार्ड असतं तर निदान डिस्प्यूट टाकता आला असता, स्टेटमेंट आल्यापासून 60 दिवसांत लेखी कळवायचं असतं.

पोलिसांत गेलो, दोन ठिकाणी गेलो, नावं लिहीत नाही. पहिल्या ठिकाणी सांगितलं तुमची गाडी जिथे उभी होती ती जागा आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या ठिकाणी सगळं ऐकून घेतलं, बॅटरी बघितलीसुद्धा नाही, मी पिशवीत घालून नेली होती ती कापलेली, थर्माकोलसकट, आणि म्हणाले हे सिव्हिल मॅटर आहे, काम आवडलं नाही तर कोर्टात जा. काम आवडलं नाही? 100 लिहून 23 विकणं म्हणजे काम न आवडणं? दुधात पाणी घातलं तर आवडीचा प्रश्न असतो का? बरं, कोर्टात जायचं तर समन्स पोचवायला माणसाचं खरं नाव आणि पत्ता लागतो, आणि तो शोधून द्यायला पोलीस तयार नाहीत, कारण ते सिव्हिल आहे. सांगा आता कुठे जायचं. एका सरकारी तक्रार खात्याच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये "व्यापाऱ्याचा पत्ता" भरल्याशिवाय पुढचं पानच उघडेना. शेवटी मी वाळवंटाचं नाव टाकलं. छापील उत्तर आलं, तुमची तक्रार महत्त्वाची आहे. पुढे काही नाही. आम्ही इतकी वर्षं इथे टॅक्स भरतोय, एक पार्किंगचं तिकीट थकवलेलं नाही, आणि गरज पडली तेव्हा एका माणसाने खुर्चीतून उठून त्या बॅटरीकडे बघितलं नाही.

म्हणून व्हॅनचा नंबर प्लेटसकट फोटो काढा, माणूस हसत असतानाच काढा. त्याच्या लायसन्सचा फोटो मागा. ॲरिझोनात माल विकणाऱ्याला राज्याचा टीपीटी नावाचा विक्रीकर परवाना लागतो, तो नंबर पावतीवर आहे का बघा, आमच्या पावतीवर फक्त नाव आणि फोन होता. शक्यतो बॅटऱ्या स्वतः कंपनीकडून मागवा आणि बसवायला तेवढं माणूस बोलवा, म्हणजे मजुरीच बुडेल, माल नाही. आणि रात्री मशीन लागणारं घरात कुणी असेल तर सीपॅपसाठी वेगळी लहान बॅटरी ठेवा, मुख्य सिस्टिम कितीही चांगली असली तरी. आम्ही आता ठेवतो.

उरलेल्या तीन बॅटऱ्या अजून माझ्याकडे आहेत, कचऱ्यात टाकता येत नाहीत, आग लागते, आणि पुरावा म्हणूनही ठेवल्यात. निळी केस, काळं झाकण, चारींवर सिरियल नंबर एकच, शेवटी 0417. कुणी ला पोसाला किंवा डोम रॉकला पांढऱ्या व्हॅनवाल्याकडून घेतल्या असतील तर आजच्या आज झाकणाजवळचं लेबल वाचा, तोच नंबर असेल तर इन्व्हर्टर बंद करा, वायर काढा आणि मला मेसेज करा. दोघा-चौघांच्या तक्रारी एकत्र नेल्या तर कदाचित त्यांना सिव्हिल म्हणता येणार नाही.