हीलाच्या रानात घोड्यावरून जायचंय? आधी परमिटची खात्री करा

न्यू मेक्सिकोतल्या हीला वाइल्डरनेसमध्ये घोड्यावरून तीन-चार दिवसांची सफर. तंबू, जेवणखाण, घोडे, वाटाड्या सगळं त्यांचं, अशी जाहिरात दिसली तर जरा थांबा. फिनिक्स-टूसॉनकडच्या बऱ्याच मराठी घरांत मेमोरियल डेच्या सुट्टीचे बेत सुरू असतील, म्हणून सविस्तर लिहितेय. आम्ही दोघं आणि दीर-जाऊबाई असे चौघं यात फसलो.

जागेबद्दल तक्रार नाही. वनाधिकारी आल्डो लिओपोल्डने पाठपुरावा केला आणि १९२४ साली अमेरिकेच्या वनखात्याने (फॉरेस्ट सर्व्हिसने) हा मुलूख राखून ठेवला. असं राखीव रान जगात हे पहिलंच. आत रस्ता नाही, मोटार नाही, सायकललासुद्धा बंदी. माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात ना, तसंच. फक्त इथे पुढे साडेपाच लाख एकर पसरलंय. सामानसुमान घेऊन आत राहायचं तर घोडी-खेचरं लागतातच, आणि भामट्यांचं फावतं ते इथेच.

आमच्या जाहिरातीतला माणूस फोनवर अगदी गोड. वाटही बिनचूक सांगितली: टीजे कोरलवरून निघायचं, लिटल बेअर कॅनियनमधून मिडल फोर्क नदीला उतरायचं, जॉर्डन हॉट स्प्रिंग्जच्या जवळ मुक्काम, परतताना तेराव्या शतकात मोगोयोन लोकांनी कपारीत बांधलेली घरं बघायची. हे सगळं खरोखर तिथे आहे, त्यामुळे संशयाला जागाच नव्हती. परमिटचं विचारलं तर फॉरेस्ट सर्व्हिसचं नाव असलेला कागद लगेच ईमेलने आला. कागद खरा होता, पण दुसऱ्याच आउटफिटरचा, म्हणजे अशा सफरी नेणाऱ्याचा! वरचं नाव सफाईने बदललेलं. आगाऊ रकमेचा पहिला हप्ता क्रेडिट कार्डावर घेतला, मग ‘कार्डाचं काहीतरी बिघडलंय’ म्हणून दुसरा झेलने (Zelle, बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय), आणि उरलेले आदल्या संध्याकाळी सिल्व्हर सिटीत रोख. एकूण साडेचार हजार डॉलर.

सिल्व्हर सिटीहून कपारीतल्या घरांपर्यंत ४४ मैल, पण वळणं अशी की दोन तास हाताशी ठेवावेत. आम्ही पोचलो तेव्हा ट्रेलरमधून घोडे उतरवणं चाललं होतं. माझे दीर सांगलीकडे गुराढोरांत वाढलेले. ते एकेका घोड्याभोवती फिरले आणि मला म्हणाले, “वहिनी, हा मागचा उजवा पाय टेकवत नाहीये बघा.” दुसऱ्याच्या खोगिराखालचं ब्लँकेट उचललं तर ते वाळलेल्या घामाने कडक झालेलं, आणि पाठीवर रुपयाएवढी ओली जखम, तिच्यावर माश्या. रिकिबी एकीकडे लांब, एकीकडे आखूड. खेचर एकही नाही. आमच्या बॅगा निळ्या नायलॉनच्या दोरीने एका म्हाताऱ्या घोडीवर कशाबशा आवळलेल्या. खरे पॅकर दोन्ही बाजूंचं ओझं तोलून सारखं करतात, नाहीतर उतारावर अख्खं खोगीर एका अंगाला फिरतं.

“भाऊजी, मी नाही हां बसणार यावर,” मी म्हटलं. तेवढ्यात तो आम्हाला सूचना द्यायला लागला: वाटेत कुणी विचारलं तर आपण मित्र, घोडे मी असेच दिलेत, पैशांचा विषय काढायचा नाही. हे वाक्य कुणाच्याही तोंडून ऐकलंत तर तिथूनच मागे फिरा. यांनी साफ सांगितलं, खोटं बोलणार नाही. वाद चालू असतानाच रेंजरबाई आल्या. परमिट मागितलं. आधी ते ट्रकमध्ये होतं, मग बायकोकडे, मग ऑफिसात. त्यांनी त्याला जागच्या जागी थांबवलं. “संध्याकाळी पैसे परत देतो” म्हणून गेला तो गेला, फोन बंद.

नॅशनल फॉरेस्टमध्ये (हीलाचं रान अशाच सरकारी जंगलात येतं) पैसे घेऊन कुणाला फिरवायचं तर फॉरेस्ट सर्व्हिसचं परमिट लागतं, आणि ते घेणाऱ्याला दायित्वाचा विमा काढावा लागतो. आत मोबाइलला रेंज नाही, अँब्युलन्स पोचणार नाही. मिडल फोर्क पुन्हा पुन्हा ओलांडताना कुणी घोड्यावरून पडलं तर बरोबरच्या माणसावरच सगळी मदार. त्याने पाठवलेल्या कागदावर जाऊ नका. वाइल्डरनेस रेंजर डिस्ट्रिक्टचं ऑफिस मिम्ब्रेसला आहे. फॉरेस्ट सर्व्हिसच्या साइटवरून नंबर घ्या, फोन करा आणि विचारा: या नावाला, यंदाच्या वर्षासाठी, घोड्यांच्या मुक्कामी सफरीचं परमिट आहे का?

कार्डाचे पैसे परत मिळवतानाही त्याने एक चाल खेळली. बँकेला कळवलं की आगीमुळे जंगल बंद होतं, म्हणून सफर रद्द झाली आणि नियमानुसार आगाऊ रक्कम परत मिळत नाही. हे पटण्यासारखं होतं. २०१२ची व्हाइटवॉटर-बाल्डी आणि २०२२ची ब्लॅक फायर या आगी हीलात लाखो एकरांत पसरल्या होत्या, आणि मे-जून हा वणव्यांचाच काळ. पण वनखातं जंगल बंद करतं ते लेखी आदेश काढून. त्या तारखांना असा आदेश नव्हता, हे आम्ही ऑफिसातून लिहून आणलं आणि बँकेला दिलं. कार्डाचा हप्ता परत आला. झेलचा नाही; ‘तुम्ही स्वतःच पाठवलेत’ असं बँकेचं उत्तर. रोखीची तर पावतीच नाही. न्यू मेक्सिको डिपार्टमेंट ऑफ जस्टिसकडे तक्रार केली आहे, चौकशी चालू आहे.

मधल्या काळात तेच फोटो नव्या नावाने झळकलेत. यावेळी भाव थोडा कमी, आणि खाली ‘परमिट प्रोसेसमध्ये’ अशी ओळ.